नाव न घेण्याची अदब

लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये एक सदस्य दुसऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्याला ‘तुम्ही’ही म्हणत नाही. ‘तुम्ही’ फक्त स्पीकरना. समोरच्या बाकावरच्या माणसावर कितीही तुटून पडायचं असलं तरी बोलायचं स्पीकरना उद्देशून: ‘अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य सांगतात ते साफ चुकीचं आहे.’ आपल्या विधानसभेतलं ‘अध्यक्ष महाराज’ याच परंपरेतलं.

ही संबोधनं ऐकताना मला जुन्या मराठी पत्रांचे मायने आठवतात. तीर्थरूप, चिरंजीव, वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजश्री: नाव यायच्या आधीच माणसाचं नातं आणि पायरी कळते. कॉमन्समध्येही तसंच. स्वपक्षाचा असेल तर ‘माझे सन्माननीय मित्र’, प्रिव्ही कौन्सिलचा सदस्य असेल तर ‘राइट ऑनरेबल’. पूर्वी बॅरिस्टरच्या उल्लेखात ‘विद्वान’ आणि सैन्यातल्या माणसाच्या उल्लेखात ‘शूर’ हे विशेषणही जोडलं जाई. पण आपल्या मायन्यात शेवटी नाव येतं, इथे नावाच्या जागी गाव येतं. सगळी खुबी त्यात आहे. ज्याच्यावर टीका करायची त्याच्या पाठीशी उभे असलेले हजारो मतदार बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात उच्चारावे लागतात. जीभ सैल सुटू नये याची याहून चांगली तजवीज मला माहीत नाही.

आणि नाव घेतलं जातं ते कधी? सदस्य स्पीकरना जुमानेनासा झाला की. स्पीकर त्याचं नाव उच्चारतात आणि पाठोपाठ निलंबनाचा ठराव येतो. आपल्याकडे नवरीला नाव घ्यायला उखाण्याचा आडोसा लागतो. तिथे नुसतं नाव हीच शिक्षेची सुरुवात.

एप्रिल 2016 मध्ये मजूर पक्षाचे डेनिस स्किनर पंतप्रधान कॅमेरून यांना ‘डॉजी डेव्ह’, म्हणजे लबाड डेव्ह, म्हणाले. शब्द मागे घ्यायला सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा उच्चारला आणि त्या दिवसापुरतं त्यांना सभागृहाबाहेर जावं लागलं. कारवाई झाली ती ‘लबाड’साठी; पण माझ्या कानाला ‘डेव्ह’ही तितकंच खटकतं. पंतप्रधानांचं पद, मतदारसंघ, सगळं त्या एका लाडक्या नावात पुसून टाकलं होतं.

या अदबीची खरी किंमत मात्र दादाभाई नौरोजींमुळे कळते. 1886 मध्ये ते होबर्नमधून उभे राहिले आणि हरले. त्या निवडणुकीबद्दल बोलताना 1888 मध्ये एडिंबरोच्या भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी त्यांचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला. नाव नाही, गाव नाही, नुसता कातडीचा रंग. नाव न घेणं इतकं हीनही असू शकतं. 1892 मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून मोजक्या मतांनी निवडून आले. रिवाज तोच, नाव घ्यायचं नाही. पण आता सॉल्झबरींच्याच पक्षातल्या सदस्यांनाही, मनात काहीही असो, ‘सेंट्रल फिन्सबरीचे सन्माननीय सदस्य’ असंच म्हणणं भाग होतं. त्यांची मनं त्यामुळे बदलली असतील असं मी म्हणणार नाही. पण मुंबईहून गेलेल्या, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या पारशी गृहस्थाला तो उल्लेख कुणाच्या मेहेरबानीने मिळाला नव्हता. तो लंडनच्या मतदारांनी दिला होता, आणि म्हणूनच तो कुणाला टाळता येत नव्हता.