परत बोलावलेली गाडी आणि न पोचलेला निरोप

आज मी पुस्तकावर बोलणार नाही. समीक्षा फक्त पुस्तकाचीच करायची, असा काही नियम नाही. एक मजकूर असा आहे की तो वाचायचा राहिला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तरी त्याची समीक्षा कोणी करत नाही. तो मजकूर म्हणजे दुचाकी कंपन्यांची रिकॉलची सूचना. विकलेल्या गाडीत दोष निघाला आहे, गाडी घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो, असा तो निरोप.

दोन-तीन उदाहरणं घेऊ. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने क्लासिक, बुलेट आणि मीटिऑर या मॉडेलच्या २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. दोष इग्निशन कॉइलमध्ये होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने सुमारे तीन लाख स्कूटर बोलावल्या, ब्रेक लिव्हरसाठी. त्याच वर्षी जुलैमध्ये सुझुकीने ३,८८,४११ स्कूटर बोलावल्या. त्यात इग्निशन कॉइलची तार वाकून वाकून तडकण्याची भीती होती. करंट गळतो, गाडी मधेच बंद पडू शकते, आणि त्यात पाणी लागलं तर सेन्सरही बिघडू शकतात. आता धानाच्या बांधावरून पावसाळाभर गाडी नेणाऱ्या आपल्या माणसासाठी ही बारीकसारीक गोष्ट आहे का? तुम्हीच सांगा.

आता या सूचनांची भाषा बघा. दोष 'क्वचित' असतो. कंपनी गाड्या 'आपणहून' बोलावते, 'खबरदारी म्हणून' बोलावते. रॉयल एनफील्डने अंदाज दिला होता की दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत भाग बदलावा लागेल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अडीच लाखांच्या आसपास गाड्या असतील, तर दहा टक्के म्हणजे तेवीस हजारांच्या वर जातात. टक्केवारीत दोष लहान दिसतो, आकड्यात मोठा दिसतो, आणि ज्याच्या बुडाखाली ती गाडी आहे त्याला तो शंभर टक्के असतो.

पण मी कंपन्यांवर नुसती टीका करायला उभा नाही. 'रिकॉल केलं म्हणजे कंपनी वाईट' हा आपला गैरसमज आधी सोडला पाहिजे. दोष कबूल करणारी कंपनी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी. आपण कबुलीला हसलो, तर उद्या कोणी कबूल करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा निरोप निघतो, पण पोचत नाही.

कारखान्याच्या बाजूने सगळं चोख असतं. वरठीच्या पोलाद कारखान्यात काम केलेल्यांना विचारा, पोलादाच्या प्रत्येक हीटला नंबर असतो. सुटा भाग कोणत्या लॉटचा, हे सांगता येतं. म्हणून तर डिसेंबर २०२१ मध्ये क्लासिक ३५० च्या २६,३०० गाड्या बोलावताना कंपनीला सांगता आलं, की १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर या काळात बनलेल्याच गाड्या आणा. कारखान्यात तारखेपर्यंत माग लागतो. शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली की तो माग पुसट व्हायला लागतो.

समजा, नागपुरात एकाने गाडी घेतली. तीन वर्षांनी साकोलीच्या माणसाला विकली. त्याने लाखांदूरच्या भाच्याला दिली. आरटीओत नाव बदललं? बरेचदा नाही. कंपनीचा मेसेज जातो नागपूरच्या पहिल्या मालकाला, तोही इंग्रजीत. तो म्हणतो, गाडी तर विकली, आणि मेसेज पुसून टाकतो. यात चूक आपलीही आहे, हे मान्य करू.

इकडे भाच्याची गाडी बंद पडते. तो शोरूमला जात नाही, चौकातल्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री बघतो आणि म्हणतो, "काही नाही जी, वायर गेली होती." टेप गुंडाळतो, पन्नास रुपये घेतो. गाडी सुरू. मिस्त्री हुशार आहे, त्याचे हात सोन्याचे आहेत. पण कारखान्यातला दोष त्या टेपखाली झाकला जातो. तो तक्रार म्हणून कुठेच नोंदला जात नाही.

आणि कायदा तर तक्रारी मोजतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. त्याआधी, २०१२ पासून, उद्योगाने स्वतःच केलेली ऐच्छिक संहिता तेवढी होती. नवे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवला तर सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. तक्रारीसाठी वाहन पोर्टलवर सोय आहे. पण पन्नास रुपयांत मिटलेल्या बिघाडाची तक्रार कोण करणार?

मात्र हे कलम नीट वाचलं तर त्यात तीन दारं दिसतात. दोष मालक कळवू शकतात, चाचणी संस्था कळवू शकते, आणि तिसरं दार आहे 'अन्य कोणताही स्रोत'. हे तिसरं दार आपल्या मिस्त्रीचं आहे, असं मला वाटतं. एकाच मॉडेलच्या दहा गाड्यांत तोच भाग गेला, हे सगळ्यात आधी त्याला कळतं. त्याला कोणी विचारत नाही, इतकंच. त्याचं म्हणणं मराठीत नोंदवून घेण्याची सोय का नसावी?

दुसरं, निरोप पोचवायचा रस्ताही तयार आहे. पीयूसी काढायला गाडी कोणाचीही असो, न्यावीच लागते. नंबर टाकला जातोच. त्याच वेळी 'या गाडीचं रिकॉल बाकी आहे' एवढी एक ओळ पडद्यावर आली, की निरोप पहिल्या मालकाला नाही, गाडी आज ज्याच्या हातात आहे त्याला मिळेल.

भंडारा हा पितळेचा गाव. भांडं गळकं निघालं तर बाई ते घेऊन त्याच दुकानात जायची, कारण दुकान कुठलं हे तिला ठाऊक असायचं आणि भांडं कोणाचं हे दुकानदाराला. गाडीच्या बाबतीत ही ओळख तुटली आहे. ती जोडली नाही, तर पितळ उघडं पडेल ते रस्त्यावर, आणि किंमत मोजेल तो लाखांदूरचा भाचा.

घरी गेल्यावर एवढं करा. आरसी काढा, चेसिस नंबर बघा आणि कंपनीच्या साइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. दुरुस्ती फुकट असते. आणि गाडी विकली असेल, तर आलेला मेसेज पुसू नका, पुढे पाठवा.

थांबतो.