संगणकाचा संथपणा आणि 'रिफ्रेश'चा जप

संगणक सुरू झाला, पडद्यावर चित्रे उमटली, की माऊसचे उजवे बटण दाबायचे आणि 'रिफ्रेश'वर टिचकी मारायची. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. मगच कामाला लागायचे. आपल्याकडे संगणक शिकलेल्या असंख्य माणसांच्या बोटांना ही सवय जडलेली आहे. का करता असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "त्याने संगणक फास्ट होतो."

प्रत्यक्षात 'रिफ्रेश'चे काम अगदी मर्यादित आहे. त्या पडद्यावर किंवा त्या फोल्डरात कोणत्या फाइली आहेत हे पुन्हा एकदा पाहायचे आणि त्यांची चित्रे नव्याने रेखाटायची, इतकेच. नुकतीच साठवलेली फाइल दिसत नसेल, तर त्याचा उपयोग होतो. प्रोसेसरचा वेग, मेमरी किंवा डिस्क यांपैकी कशावरही त्याचा परिणाम होत नाही. मांजर आडवे गेले म्हणून चार पावले मागे जाणाऱ्याला आपण हसतो. पण विज्ञानाचे सर्वांत आधुनिक यंत्र हाताळताना आपण तसाच शकुन पाळतो आणि तो विद्यार्थ्यांनाही शिकवतो. घरच्या संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कशी लावावी आणि कशी हलकी ठेवावी याविषयी जे सर्रास सांगितले जाते, त्याची थोडी परीक्षा करण्याची वेळ आली आहे.

प्रश्न आत्ताच का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. याचा अर्थ त्या तारखेला संगणक बंद पडतो असा नाही. नव्याने सापडणारी सुरक्षेतली भोके बुजवली जात नाहीत, एवढाच. पण पुढची प्रणाली, विंडोज ११, हिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. शिवाय साधारण २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य संगणक एका फटक्यात 'जुने' ठरले.

मोठ्या शहरात हा खर्चाचा प्रश्न असेल. भोर तालुक्यातल्या किकवीसारख्या गावी तो याहून मोठा होतो. किकवी पुणे-सातारा महामार्गावर, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. रस्ता चांगला असला तरी संगणक दुरुस्तीसाठी शहरात न्यायचा म्हणजे एक दिवस मोडतो, आणि पुष्कळदा तेथे मिळणारा सल्ला एका वाक्याचा असतो : जुना झाला, नवा घ्या. अशा गावांत ज्या घरी संगणक असतो तो बहुधा एकच असतो. थोरल्याचे कॉलेजचे काम, धाकटीचा अभ्यास आणि घरातले ऑनलाइन अर्ज त्या एकावरच होतात. तो खरोखर निकामी झाला आहे, की त्याच्यावर नको ते ओझे लादले आहे, हे घरच्या माणसाला ओळखता आले पाहिजे. आपल्या संगणक-शिक्षणाची कसोटी येथे लागते.

संथपणाचे गणित

दहा वर्षांपूर्वीच्या संगणकात बहुधा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. लॅपटॉपमधली अशी तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते. एका फेऱ्याला ६० भागिले ५,४०० सेकंद, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर न्यायला आणखी सुमारे दहा. एकूण साडेपंधरा मिलिसेकंद धरू. विखुरलेल्या ठिकाणची माहिती अशा रीतीने सेकंदाला जेमतेम चौसष्ट वेळा वाचता येईल.

समजा, संगणक सुरू होताना सहा हजार वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचन करावे लागले, तर ९३ सेकंद नुसते वाट पाहण्यात जातील. आता तबकडीऐवजी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण, असेल तर एका वाचनाला सुमारे एक-दशांश मिलिसेकंद पुरतो. तेच काम पाऊण सेकंदाच्या आत होते. प्रत्यक्षात कार्यप्रणाली वाचनाचा क्रम लावून घेते, त्यामुळे आकडे इतके काटेकोर राहत नाहीत. पण फरकाचा अंदाज यावरून येतो. प्रोसेसर तोच, मेमरी तीच; खोळंबा डिस्कपाशी होता.

दुसरे कारण मेमरीचे. चालू कामाला मेमरी अपुरी पडली, की कार्यप्रणाली त्यातला काही भाग तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क संथ असली तर या ये-जा करण्यातच वेळ जातो. म्हणून ४ जीबी मेमरीच्या संगणकावर ब्राउझरची वीस पाने उघडली, की टंकलेखनसुद्धा अडखळते. ही दोन कारणे ध्यानात घेतली, म्हणजे प्रचलित उपायांची पारख करता येते.

उपायांची पारख

'रन'च्या चौकटीत 'टेम्प' आणि 'प्रीफेच' हे शब्द टाकून जे दिसेल ते पुसून टाकण्याचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. यातले पहिले ठीक. तात्पुरत्या फाइली पुसल्याने जागा मोकळी होते, आणि डिस्क काठोकाठ भरली असेल तर त्याचा फायदाही होतो. 'प्रीफेच'ची गोष्ट मात्र उलटी आहे. कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात, याची टिपणे विंडोज त्या फोल्डरात ठेवते, आणि पुढच्या वेळी ते वाचन आधीच उरकून घेते. वर ज्या खोळंब्याचा हिशेब केला तो कमी करण्यासाठीच ही व्यवस्था आहे. ती टिपणे पुसली, की पुढच्या वेळी प्रोग्राम उघडायला उलट अधिक वेळ लागतो. वेग वाढवण्याच्या नावाखाली वेग घटवण्याचा हा उपाय वर्षानुवर्षे चालू आहे, कारण कोणी घड्याळ लावून पाहिले नाही.

'मेमरी मोकळी करणारे' प्रोग्राम याच जातीचे. रिकामी मेमरी म्हणजे चांगली मेमरी, ही समजूतच चुकीची आहे. मोकळ्या जागेत कार्यप्रणाली अलीकडे वाचलेल्या फाइली जपून ठेवते, म्हणजे त्या पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागत नाहीत. ती जागा सक्तीने रिकामी केली, की पडद्यावरचा आकडा सुधारतो आणि काम रेंगाळते.

'रजिस्ट्री' साफ करणाऱ्या प्रोग्रामचेही तेच. ही नोंदवही शब्दकोशासारखी रचलेली असते. कोशात चार निरुपयोगी शब्द अधिक असले, म्हणून हवा तो शब्द सापडायला जाणवण्याइतका उशीर होत नाही. चुकून कामाचे पान फाटले तर मात्र पंचाईत होते.

डीफ्रॅगमेंट करण्याचा सल्ला फिरत्या तबकडीच्या काळात योग्य होता. विखुरलेले तुकडे सलग लावले, की शीर्षाची धावपळ वाचते. एसएसडीत शीर्षच नाही, त्यामुळे तुकडे सलग असल्याने म्हणावा असा लाभ नाही. उलट तिच्या पेशींवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असल्याने नाहक झीज होते. सल्ल्याचे कारण न शिकवता नुसता सल्ला शिकवला, की परिस्थिती बदलल्यावर तो कसा जाचतो, याचे हे उदाहरण विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

आणखी एक गैरसमज. 'शट डाउन' केले म्हणजे सगळे पुसून नवी सुरुवात होते, असे आपण मानतो. विंडोज ८ पासून पुष्कळ संगणकांत 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असते. तीत प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. संपूर्ण नवी सुरुवात हवी असेल, तर 'रीस्टार्ट' करावे.

मग उपयोगी काय? टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप'च्या यादीत कोणकोणते प्रोग्राम आपोआप सुरू होतात ते पाहावे आणि नको असलेले थांबवावेत. न वापरलेले प्रोग्राम काढावेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरत असाल, तर ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवावी, म्हणजे मोठी अद्ययावते बहुतांशी रोखली जातात आणि दिवसाचा डेटा पुरतो. खर्च करायचाच, तर आधी एसएसडी, मग मेमरी. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च पुष्कळच कमी आहे.

कोणी ठरवले?

यंत्र हलके करण्याच्या या खटाटोपात एक प्रश्न राहून जातो : ते मुळात जड कोणी केले? विंडोज ९५ ला किमान ४ एमबी मेमरी लागे. विंडोज ११ ला ४ जीबी लागते. १९९५ ते २०२१ या २६ वर्षांत ही किमान अपेक्षा १,०२४ पट झाली. ही सगळी वाढ म्हणजे चरबी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विंडोज ९५ च्या काळात मराठी लिहायला वेगळे पॅकेज विकत घ्यावे लागे. देवनागरीची अंगभूत सोय विंडोज २००० मध्ये आली, आणि तिच्याबरोबर आला 'मंगल' हा फाँट. त्याची अक्षररचना र. कृ. जोशी यांची, कोल्हापुरात जन्मलेले हे मराठी कवी आणि अक्षरकलावंत. अशी भर कोणाला नको असेल?

पण विंडोज १० बरोबर 'कँडी क्रश'सारखे खेळही न मागता आले. घरगुती आवृत्तीत वापराविषयीची माहिती कंपनीकडे जाण्याचे प्रमाण कमी करता येते, ते पूर्ण बंद करण्याची सोय मात्र दिलेली नाही. हे निर्णय कोणीतरी घेतले आणि ते आपल्या घरी 'मूळ मांडणी' म्हणून येऊन बसले. बहुसंख्य माणसे मूळ मांडणी कधीच बदलत नाहीत, म्हणून तीत बरेच सामर्थ्य असते.

याचा सर्वांत मोठा फटका मराठीने सोसला आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय होती. पण ती मुळात बंद असे. प्रादेशिक मांडणीच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी बहुतेकांकडे नसे. 'संगणकाला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढून पुष्कळांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले जुने फाँट धरून ठेवले. त्यांत लिहिलेल्या प्रश्नपत्रिका आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या, की अक्षरांचा कचरा दिसतो. खूण न केलेल्या एका चौकटीची ही किंमत आहे. म्हणून नवा किंवा जुना संगणक लावताना युनिकोड मराठी कळफलक आधी चालू करावा, बाकीचे नंतर.

दुसरा पर्याय

विंडोज ११ न चालणाऱ्या संगणकावर लिनक्स हा खरा पर्याय आहे. लिनक्स मिंटला किमान २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा पुरते. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली आणली. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पातून आपल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. महाराष्ट्रात त्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली आणि लाखो लोकांची संगणकाविषयीची भीती गेली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण कार्यप्रणाली ही निवडण्याची वस्तू आहे, हा विचार आपल्याकडे रुजला नाही.

लिनक्सची भलावण करणारेही अडचणी सांगायचे टाळतात. श्री-लिपीसारख्या विंडोजवरच्या पॅकेजमधले जुने काम तेथे सुखाने चालेलच असे नाही. काही प्रिंटर रुसतात. म्हणून आधी आपल्या सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहावे. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी कळफलक या चार गोष्टी जमल्या, तरच ते बसवावे.

वर्गातला प्रयोग

हे सारे लेखावर विश्वास ठेवून मानण्याचे कारण नाही. नववी-दहावीच्या मुलांना मोबाइलचे स्टॉपवॉच द्या. 'रीस्टार्ट' दाबल्यापासून ब्राउझरचे पान पूर्ण उघडेपर्यंतचा वेळ तीनदा मोजून सरासरी काढायला सांगा. मग वीस वेळा 'रिफ्रेश' करून ठराविक फाइल उघडायला लागणारा वेळ मोजा आणि न करता लागणाऱ्या वेळेशी ताडून पाहा. त्यानंतर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम थांबवा, पुन्हा तीन मोजमापे घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मोडू द्यायचा नाही. प्रयोगवहीतल्या लंबकाला जो नियम लागू, तोच येथे.

'रिफ्रेश'च्या रकान्यात फरक शून्याच्या आसपास दिसला, की मुले आपणहून विचारतील की मग हे आम्हाला शिकवले कोणी. या प्रश्नाला शिक्षकाने तयार असावे.