के२-१८ बी : हा निळा रंग आला कुठून?

के२-१८ बी या बाह्यग्रहाचं नासाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेलं चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. निळसर गोल, त्यावर विरळ ढग, मागे लालसर तारा. चित्र देखणं आहे, आणि ते कलाकाराच्या कल्पनेतलं असल्याचं सांगितलेलंही आहे. तरी माझी तक्रार आहे, त्या निळ्या रंगाबद्दल.

आधी हातात काय आहे ते बघू. ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे. कुठल्याही दुर्बिणीला तो गोल म्हणून दिसलेला नाही. दर ३३ दिवसांनी तो ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा प्रकाश साधारण ०.३ टक्क्याने घटतो. त्यावरून त्रिज्या कळते : पृथ्वीच्या २.६ पट. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, त्यावरून वस्तुमान : ८.६ पट. आता वही काढा आणि ८.६ ला २.६ च्या घनाने भागा. घनता पृथ्वीच्या जेमतेम निम्मी येते. खरी गोची इथे आहे. ही घनता हायड्रोजनच्या थराखालच्या खोल समुद्रालाही बसते आणि हायड्रोजनच्या जाड आवरणात गुंडाळलेल्या, समुद्र नसलेल्या खडकालाही. आकडे दोन, अज्ञातं जास्त. नुसत्या घनतेवरून उत्तर निघतच नाही. चित्र बघणारा मात्र निळं दिसलं की समुद्र धरून चालतो. अहो, नेपच्यूनही निळाच आहे, तो मिथेनमुळे!

वर्णपटाने तरी प्रश्न सुटला का? २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून पाण्याची वाफ सापडल्याच्या बातम्या आल्या. २०२३ मध्ये वेबने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले, वाफ मात्र ठामपणे सापडली नाही. हबलला दिसलेली खूण बहुधा मिथेनचीच होती. ही दुरुस्ती बातम्यांत फारशी आलीच नाही.

मग २०२५. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या रेणूची खूण ३ सिग्मा इतकी मांडली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांकडून येतो. बऱ्याच लोकांनी याचा अर्थ 'जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के' असा लावला, जो साफ चूक आहे. ३ सिग्मा हे मॉडेलांच्या तुलनेतून येतं : हे रेणू घेतले तर वर्णपट किती जास्त चांगला जुळतो, एवढंच. तुलनेची यादी वाढवली की आकडा बदलतो. पुढे इतर गटांनी तेच केलं, तर दुसरे रेणूही तितकेच जुळले. संशोधनात उतरणार असाल तर असा निबंध वाचताना निष्कर्षाआधी 'कशाशी तुलना केली' हा परिच्छेद शोधा. आलेखातली सुबक वक्ररेषा हे मॉडेल असतं. माप म्हणजे ते विखुरलेले ठिपके आणि त्यांच्या लांब एरर बार.

आणि समजा, रेणू उद्या पक्का झाला, तरी? डायमिथाइल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवरही सापडलं आहे. तिथे ना समुद्र, ना सूक्ष्मजीव.