आमचा पोस्टमन

‘काय म्हणतो तुमचा पोस्टमन?’ असे हल्ली आमच्या स्वयंपाकघरातून विचारले जाते. विचारण्यात चौकशीपेक्षा टोमणाच अधिक असतो. सत्तरी उलटलेल्या माणसाने नातवाच्या मांडीला मांडी लावून व्हिडिओ गेम पाहावा, आणि वर त्यातल्या एका टपालवाल्यासाठी हळहळावे, हे आमच्या सौभाग्यवतींना रुचत नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी मलाही रुचले नसते. जन्मभर नाटके पाहिली आणि त्यांच्यावर बरेवाईट लिहिले. त्याच सवयीने हेही लिहितो आहे.

नाटक पाहताना मला एक खोड होती. राजा बोलू लागला की माझे लक्ष त्याच्यामागे भाला धरून उभ्या असलेल्या इसमाकडे जाई. त्याला वाक्य नसे, पुष्कळदा मिशीही धड चिकटलेली नसे. हा आता मनात काय म्हणत असेल, याचे मला भारी कुतूहल. नाटककाराला ते नसते, आणि नसावे हेही बरोबरच. तीन तासांत कोणाकोणाची वास्तपुस्त करायची? पण तीच गोष्ट पुन्हापुन्हा, वर्षानुवर्षे सांगायची ठरवली, तर या भालेवाल्यालाही कधी तरी पुढे यायला अवसर मिळतो.

जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेचा पहिला खेळ १९८६ साली निघाला. लिंक नावाचा मुलगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि बहुधा गॅनन नावाचा दुष्ट, असा हा संसार. लिंक तर बोलतच नाही, तेव्हा त्याच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वाटेवर भेटणारी माणसे मात्र बोलतात. १९८७ च्या दुसऱ्या खेळात एक गृहस्थ घरात बसलेला आहे. प्रथम भेटतो तेव्हा तो आपले नाव सांगतो आणि गप्प होतो. नाव काय, तर ‘एरर’! यंत्रच बिघडले असे अनेकांना वाटले म्हणतात. दुसऱ्या एका घरात ‘बग’ या शब्दावरून नाव घेतलेला त्याचा दोस्त आहे, म्हणजे सारी थट्टाच. पण माझ्या मनात तो गृहस्थ घर करून बसला. जगात आपल्या वाट्याला एकच वाक्य आले आणि त्यात आपण फक्त नाव सांगू शकलो, यापेक्षा अधिक पुष्कळांना कुठे जमते?

मालिकेत पुढे एक फेरीवाला येतो, बीडल त्याचे नाव. २००२ च्या ‘द विंड वेकर’मध्ये तो होडीत दुकान थाटून समुद्रभर हिंडतो, अंगात सदरा नाही, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाची आर्जवे. २००९ साली त्याचे दुकान फुग्याला टांगलेले, २०११ साली आकाशात उडणारे, आणि २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पाठीवर भुंगेऱ्याच्या आकाराचे प्रचंड बोचके घेऊन स्वारी पायीच. हा तोच की त्याचा खापरपणतू, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. तो दिसला की नातू ‘आला, आला!’ म्हणून ओरडतो. जत्रेत ओळखीचा फुगेवाला दिसावा तसे. खरे सांगायचे तर बीडल म्हणजे बव्हंशी दुकानावरची पाटी आहे. हसणे ठरलेले, ओरडणे ठरलेले. फक्त २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये ही पाटी क्षणभर बाजूला सरते. त्याचे उडते दुकान तो स्वतः पायांनी पायडल मारून चालवत असतो, आणि काही न घेता निघालात तर पायाखालची फळी सरकवून तुम्हांला खाली सोडतो! पण त्याच दुकानात रात्र काढली, तर तो तुम्हांला आपल्या बेटावर घेऊन जातो. तिथे शेकोटी असते आणि गिऱ्हाईक नसलेला बीडल असतो. त्याचा एक लाडका भुंगेरा हरवला आहे. एवढेच. पण दुसऱ्या दिवशी तो पायडल मारताना दिसला की नजर त्याच्या पायांकडे जाते.

आता आमचा पोस्टमन. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये एक पळणारा माणूस आहे. त्याच्याशी शर्यत लावता येते, पण जिंकता येत नाही. तुम्ही कितीही जीव टाकून धावा, तो एका सेकंदाने पुढेच. पुढचा खेळ, ‘मेजोराज मास्क’, अवघ्या दीडएक वर्षात, २००० साली निघाला. वेळ थोडा होता, म्हणून करणाऱ्यांनी आधीच्या खेळातलीच माणसे उचलली आणि त्यांना नवी नावे, नवे धंदे दिले. कोंबड्या पाळणारी पण कोंबड्यांपाशी गेली की जिला त्रास होतो ती बाई इथे खाणावळवाली झाली. तिचे नाव अंजू! योगायोगच, पण आमच्या घरात त्या नावाने तिला लगेच पाटरांगोळी मिळाली. तिच्या हातचे जेवण इतके वाईट की तिची आजी ते चुकवण्यासाठी भ्रमिष्टपणाचे सोंग घेते. आणि तो पळणारा इसम झाला पोस्टमन. काटकसरीतून निघालेली ही युक्ती, पण संपूर्ण मालिकेतली खरी माणसे मला इथेच भेटली.

या खेळात चंद्र गावावर कोसळतो आहे आणि त्याला तीन दिवस उरले आहेत. गावातल्या प्रत्येकाचे तीन दिवसांचे वेळापत्रक बांधलेले आहे. तुम्ही बघा, न बघा, ते चालूच असते. पोस्टमन एका पेटीकडून दुसरीकडे धावतो, खाणावळीत अंजूला पत्र देतो, फावल्या वेळात मनातल्या मनात दहा सेकंद अचूक मोजण्याचा सराव करतो. शेवटच्या रात्री ज्यांना शक्य ते गाव सोडून जातात. पोस्टमन जात नाही. तो खोलीत एकटा तडफडत असतो. त्याला पळायचे आहे, पण पळणे वेळापत्रकात नाही!

त्याला सोडवण्याची एकच वाट आहे. अंजूचा नियोजित वर काफे बेपत्ता आहे आणि त्याने आपल्या आईला एक तातडीचे पत्र लिहिले आहे. ते तुम्ही स्वतः नेऊन दिलेत तर बक्षीस म्हणून बाटलीभर उंची दूध मिळते, आणि या खेळात रिकाम्या बाटलीलाही मोल असते. तेच पत्र पोस्टमनच्या हाती दिलेत, तर तो ते बाईंना पोचवतो, आणि त्या त्याला हुकूम करतात की आता पळ. हुकूम मिळाल्यावर तो आपली टोपी तुम्हांला देऊन निघून जातो. दोन्ही एकदम साधत नाही. आमच्या नातवाने पहिल्या खेपेला दूध घेतले. मी काही बोललो नाही. रात्री झोपताना तोच म्हणाला, ‘आजोबा, तो तिथेच राहिला असेल ना?’

मालिकेतल्या पुढच्या खेळांतही पोस्टमन आहेत. २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मधला आरडाओरडा करत, पाठीवर निशाण लावून तुमच्या मागे धावतो आणि हशा पिकवतो. मी त्यालाही हसलो. पण त्याला अडचण अशी काही नाही, म्हणून तो नुसता पोस्टमन आहे. करणाऱ्यांना आपल्या हातून काय घडून गेले ते उमगले नसावे, असे मला राहूनराहून वाटते.

या खेळावर माझा एकच आक्षेप आहे, आणि तोच त्याचा मोठेपणा असेल तर मी हरलो. तीन दिवस संपण्याआधी नायकाने एक सूर वाजवून काळ मागे न्यायचा असतो; नाही तर सगळेच बुडते. म्हणजे जे केले ते पुसले जाते. अंजू आणि काफे यांची गाठ पडते ती शेवटच्या पहाटे, चंद्र पडायला जेमतेम दीड तास उरला असताना. ती दोघे सकाळची एकत्र वाट पाहायची ठरवतात, आणि पुढे खेळायचे तर तुम्ही ती सकाळ येऊ द्यायची नाही! त्यांच्या लग्नाचा मुखवटा तुमच्या झोळीत राहतो, पण ती दोघे पुन्हा एकमेकांना हरवून बसतात.

गेल्या दिवाळीत आमचा नातू त्या पहाटेपर्यंत पोचला आणि सूर वाजवीना. यंत्र बंदही करीना. नुसते निजवून ठेवले. लक्ष्मीपूजन झाले, पाडवा झाला. दूरदर्शन संचाखाली ते इवलेसे यंत्र होते आणि त्यात अंजू आणि काफे हातात हात घेऊन बसलेले. झाडलोट करताना सौभाग्यवतींनी ते उचलायला घेतले, तर हा धावत गेला. ‘आजी, त्याला हात नको लावू, आत माणसे आहेत.’ तिने फडके बाजूला ठेवले आणि त्या दिवसापुरती ती जागा तशीच सोडली.

भाऊबीजेला संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. काही न बोलता त्याने सूर वाजवला. पहिला दिवस उजाडला. थोड्या वेळाने टोपी घातलेला पोस्टमन टपालपेटीकडे धावत निघाला. त्याची तीच टोपी आमच्या झोळीतही होती.

‘पत्र या वेळी त्यालाच द्यायचे ना?’ स्वयंपाकघरातून आवाज आला.