घरची लेन्स, बाहेरची लेन्स: मणिबेलीच्या पाण्यासमोर एक तपासणी

गेल्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा होता: कॅमेऱ्याच्या कंपनीचीच लेन्स घ्यावी, की बाहेरच्या कंपनीची खास लेन्स चालेल? उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण ‘चालेल’ म्हणजे कशासाठी चालेल, हे ठरल्याशिवाय ते उत्तर पोकळच राहतं. म्हणून आज आपण एक जागा समोर ठेवू आणि लेन्स तिथे तपासू.

जागा आहे मणिबेली. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं येतात, त्यांत धरणाच्या सगळ्यात जवळचं, म्हणून पाणी आधी पोचलं ते हे गाव. १९९० नंतरच्या पावसाळ्यांत इथे सत्याग्रह झाले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असं सांगणारं जे आंतरराष्ट्रीय निवेदन निघालं, त्याला नावच मणिबेलीचं दिलं गेलं. जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर जलाशयात गेलं. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पहिल्यांदा टेकलं.

हे सगळं लेन्सच्या गप्पांत कशाला? कारण अशा गावात फोटो हा पुरावा असतो. घर कुठे होतं, पाणी कुठवर आलं, झाड कोणाच्या शेतात होतं, हे पुढे कोणीतरी विचारणार आहे. तिथे ‘फोटो छान आलाय’ याला फारसा अर्थ नाही. ‘फोटो खरा आहे का, आणि तसं दाखवून देता येईल का’, हा प्रश्न आहे.

पहिली लढत रुंद कोनाच्या लेन्सची. डोंगरउतारावरचं घर, अंगण आणि खालचं पाणी एकाच चौकटीत हवं असेल तर १४ मिलिमीटर लागते. कॅननची घरची १४ मिलिमीटर एफ २.८, दुसरी आवृत्ती, २००७ मधली. किंमत लाखाच्या पुढे होती. कोरियाच्या सॅमयांगने त्याच मापाची, हाताने फोकस करायची लेन्स त्याच्या कितीतरी खालच्या किमतीत आणली. गंमत अशी, की तीक्ष्णतेत स्वस्त लेन्स मुळीच लाजली नाही. कोपऱ्यांतसुद्धा तिने भल्याभल्यांना चकित केलं.

पण तिचा एक दोष प्रसिद्ध आहे. ती सरळ रेषा वाकवते, आणि नुसती फुगवत नाही, तर मिशीसारखी वळवते: मधे वर, कडेला पुन्हा उलट. आता ही रेषा पाण्याची असेल तर? घराच्या कुडावर पाणी कुठे लागलंय हे दाखवणारी रेषाच वाकडी! निसर्गचित्रात हे खपून जातं. पुराव्यात खपत नाही.

मग घरची लेन्स सरळ दाखवते, असं म्हणायचं? थांबा. कॅननचीच नव्या माउंटची १६ मिलिमीटर एफ २.८ घ्या. काच रेषा चांगलीच फुगवते. कॅमेरा आतल्या आत गणित करून ती सरळ करतो आणि जेपेगमध्ये आपल्याला सरळ दिसते. म्हणजे वाकणं दोन्हीकडे आहे. एकीकडे ते उघडं पडतं, दुसरीकडे झाकलं जातं. त्यामुळे ‘ब्रँड म्हणजे खरं’ हे आम्हाला मान्य नाही. मात्र ब्रँडची दुरुस्ती आपोआप होते. बाहेरच्या लेन्सची आपल्याला संगणकावर त्या लेन्सचं प्रोफाइल लावून करावी लागते. ती करायची तयारी असेल तर पहिली फेरी बरोबरीत सुटते. दोन्ही बाबतीत रॉ फाइल जपून ठेवायची, हे मात्र पक्कं.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. फाइलच्या पोटात एक नोंद असते, एक्झिफ म्हणतात तिला. तारीख, वेळ, शटर हे कॅमेरा लिहितो. पण लेन्स कोणती, अ‍ॅपर्चर किती, हे लेन्सनेच कॅमेऱ्याला सांगावं लागतं. निव्वळ यांत्रिक लेन्सला बोलायला तोंडच नाही; तिथे शून्य किंवा रेघ येते. काही आवृत्त्यांत चिप बसवलेली असते, ती विचारूनच घ्यावी. नसेल तर वहीत लिहा: फोटोचा क्रमांक, लेन्स, जागा. वही नाही ठेवली, तर दहा वर्षांनी तुमच्या सरळ केलेल्या रेषेवर कोणी का विश्वास ठेवावा?

आमच्याकडे अशीच एक हाताने फोकस करायची लेन्स होती. कंपनीचं नाव घेत नाही. रिंगवरची अनंताची खूण चुकीच्या जागी होती. पलीकडच्या काठाचे दिवसभराचे फोटो मऊ आले. तेव्हापासून आम्ही लांबचं झाड स्क्रीनवर मोठं करून फोकस लावतो आणि रिंगवर चिकटपट्टी मारतो. दहा रुपयांचा उपाय, पण दिवस गेल्यावर सुचला.

तिसरी लढत लांब पल्ल्याची. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० मिलिमीटर लेन्स आल्या, तेव्हा त्या किमतीत ६०० पर्यंत पोचणारं घरचं काही नव्हतंच. निकॉनने २०१५ मध्ये २००-५०० काढली, सोनीने २०१९ मध्ये २००-६००. बाहेरच्यांनी बाजार दाखवला, घरचे मागून आले, असं आम्ही म्हणू. शिवाय जलाशयावरून मैलभर लांबचं टिपताना मधली दमट, धुरकट हवाच तीक्ष्णता खाऊन टाकते. लाखो रुपयांच्या काचेचा फायदा तिथे हवेत विरतो. इथे आमचं मत सरळ बाहेरच्या लेन्सच्या बाजूने.

चौथा मुद्दा पावसाचा. पाणी चढतं ते पावसाळ्यात, आणि होडीतून उतरताना लेन्स भिजतेच. कॅननच्या त्या १४ मिलिमीटरला पाणी-धूळ अडवणारं सील आहे. सॅमयांगच्या त्या जुन्या १४ ला नाही. पण वर सांगितलेल्या घरच्या १६ मिलिमीटरलाही नाही! म्हणजे इथेही नाव न बघता सील बघायचं.

बरेच जण एक सोपा नियम सांगतात: हलणाऱ्या गोष्टींसाठी घरची लेन्स, कारण ऑटोफोकस भरवशाचा, स्थिर गोष्टींसाठी बाहेरची, कारण चुकलं तर परत काढता येतं. शहरात हा नियम ठीक आहे. मणिबेलीत तो मोडतो. मंदिर स्थिर होतं. घरं, झाडं, शेताचे बांध स्थिर होते. पुढच्या फेरीत परत काढू म्हणणाऱ्याला तिथे पाणी दिसलं.

तेव्हा आमचा निर्णय असा. पैसे मोजके असतील तर बाहेरची खास लेन्स बिनधास्त घ्या. काच म्हणून ती कमी नाही. पण उरलेल्या पैशात तिची उणीव भरा: प्रोफाइल तपासा, फोकस तपासा, पावसाचं आवरण घ्या, वही ठेवा. एवढं करायचा कंटाळा असेल, तर घरची लेन्स घ्या आणि त्या सोयीचे पैसे मोजतोय हे लक्षात ठेवा. आणि कोणतीही घेतलीत, तरी फोटो तिथेच, गाव सोडण्याआधी मोठा करून बघा.

आता प्रश्न घेऊ.