‘जिणं आमुचं’ कुणी वाचायचं?

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या भागातल्या बुद्धविहारांत संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. शेतातली कामे आटोपून, भांडीकुंडी उरकून बाया पांढरी पातळे नेसून विहारात जमतात. वंदना होते आणि मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. वाचणारी एक, ऐकणाऱ्या पंचवीस-तीस. वर्षावासाचे तीन महिने हा क्रम चालतो. पैनगंगेच्या पलीकडे पांढरकवड्याकडे चालतो, तसाच अलीकडे आदिलाबाद, बेला, जैनथच्या बाजूलाही चालतो. मराठी समीक्षेत ‘वाचकवर्ग’ हा शब्द पुष्कळदा येतो; पण त्या वर्गात या बायांची गणना झालेली माझ्या पाहण्यात नाही. पोथ्यांची पारायणे सोडली, तर एकच ग्रंथ तीन महिने सामुदायिक रीतीने वाचणारी दुसरी मंडळी मराठीत कुठे आहे, हे सुज्ञ वाचकांनीच सांगावे.

चार वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मला एका खेड्यातून बोलावणे आले. नेहमी वाचणारी मुलगी परीक्षेला गेली होती आणि वाचणारे दुसरे कुणी नव्हते. मी त्या वस्तीतला नव्हे. पण तिथल्या निम्म्या पोरांचा मास्तर. ग्रंथाचे वाचन झाल्यावर मी पिशवीतून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ काढले आणि थोडे वाचू का, म्हणून विचारले. मोळीविक्या बायांचा भाग वाचला. रानातून लाकूडफाटा आणून महार बाया गावात विकायला जात. लाकडात आपला एखादा केस अडकून घर विटाळू नये म्हणून त्यांना मोळी निरखून द्यावी लागे, हा तो भाग. वाचता वाचता माझ्या लक्षात आले की विहारात कुजबूज सुरू झाली आहे. एक म्हातारी म्हणाली, “गुरुजी, थांबा जरा. हे कोन लिवलं? हे तर माझ्या मायचं हाय.” मग तासभर पुस्तक बाजूलाच राहिले. कुणी मोळीचा भाव सांगितला, कुणी पाणवठ्याची गोष्ट सांगितली. निघताना त्याच आजींनी एक प्रश्न विचारला. “बाईनं समद्यायचं लिवलं. पर नवऱ्याचं कावून नाय लिवलं?”

मी त्या प्रश्नापाशी निरुत्तर झालो. मराठी घेऊन एम.ए. केले, तेव्हा दलित आत्मकथनांवर उत्तरे लिहून गुण मिळवले होते. ‘दाहक वास्तव’, ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’, ‘बोलीचा समर्थ वापर’ हे शब्द मला तोंडपाठ होते. हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

पुढे कळले की हाच प्रश्न जाणत्या अभ्यासकांनाही पडला होता. ‘जिणं आमुचं’चे इंग्रजी भाषांतर माया पंडित यांनी केले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी आपला संसार, नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. पुस्तकात ते का नाही, यावर त्यांच्या सांगण्याचा आशय असा की त्यांना एकटीचे दुःख नव्हे, समाजाचे दुःख मांडायचे होते. त्यांनी हे लिखाण नवऱ्यापासून लपवून, वर्षानुवर्षे घरात दडवून ठेवले होते. ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः येऊन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. तेव्हा पुस्तकातले मौन ही लेखिकेची उणीव नाही. ती तिने स्वतः आखलेली मर्यादा आहे. पण त्या मौनावर नेमके बोट ठेवायला विहारातल्या आजींना अर्धा तास पुरला.

हा योगायोग नाही, असे मला वाटते. या पुस्तकांची घडणच अशी आहे की ती मंडळीत वाचली तरच पुरती उलगडतात. ‘जिणं आमुचं’ या नावातच ‘आमुचं’ आहे. निवेदन वीरगावच्या महारवाड्यापासून सुरू होते. आषाढातले देवकार्य, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया, बाळंतिणीची उपासमार, पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, हे सारे एका वाड्याचे जिणे म्हणून येते. ‘मी’ फार थोडा वेळ दिसते. एकट्याने मनात वाचताना यातली पुनरुक्ती जाणवते, आणि उत्तरार्धात लेखिका शिकल्यासवरल्या पिढीला बोल लावू लागते तेव्हा व्याख्यानाचा सूर लागतो, हेही खोटे नाही. परंतु तोच मजकूर मोठ्याने वाचला की पुनरुक्तीचे पालुपद होते आणि व्याख्यान म्हणजे घरच्या थोरल्या बाईने काढलेली खरडपट्टी होते. जो दोष मी परीक्षेच्या उत्तरात लिहिला होता, तो मला विहारात ऐकू आला नाही.

शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’चेही तसेच. दलित स्त्रीचे मराठीतले पहिले आत्मकथन म्हणून बहुधा त्याचाच उल्लेख होतो; तेही १९८६ चेच पुस्तक. सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावची नाजा शिकते, मास्तरीण होते. नवरा दुसरी बायको करतो तेव्हा माहेरी निघून येते. वाक्ये आखूड, अलंकार नाहीत. घटना सांगते आणि पुढे जाते. छापील पानावर हे रुक्ष वाटेल. ऐकणारीला मात्र त्या दोन वाक्यांमधली जागा स्वतःच्या आठवणीने भरता येते. यावरून दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका झाली, तीही ऐकण्या-पाहण्याच्या वाटेनेच घरोघर गेली.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’पर्यंत (२००३) आलो की चित्र बदलते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळ्याची आई बांबूची आयदाने विणते, लेक लिहिते. दोन्ही विणकामांत वेदनेचा धागा एकच, असे लेखिकेला वाटते. येथे ‘मी’ ठळक आहे. नोकरी, चळवळ, एम.ए.चा अभ्यास आणि त्यापायी घरात उडालेले खटके, जे बेबीताईंनी झाकले ते येथे उघडे आहे. सतरा वर्षांत हे धैर्य आले कुठून? माझे उत्तर असे, की मधल्या काळात या बाया एकमेकींना भेटल्या आणि एकमेकींचे ऐकू लागल्या. उर्मिलाबाई आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांची घरे शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेला गेलेल्या पिढीचे बोल त्यामुळे राहिले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तर लेखक-वाचक मेळावे भरवले, लेखकाच्या जोडीला वाचकाचेही नाव मेळाव्याला देणारे नियतकालिक विरळाच. ‘संवादिनी’सारखा दलित स्त्रियांचा साहित्यमंच उभा राहिला, त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. आधी ऐकणारी भेटते, मग लिहिणारीला कंठ फुटतो.

हे एका मराठीपुरते नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हापासून आपली नजर त्या देशाकडे आहे. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ने नावही तिकडूनच घेतले. आपल्या शेजारच्या लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. पण या देवघेवीत तिथल्या बायांच्या वाचनमंडळ्यांची वार्ता आपल्यापर्यंत फारशी आली नाही. १८३१ मध्ये, दक्षिणेत गुलामगिरी चालू असताना, फिलाडेल्फिया शहरातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फीमेल लिटररी असोसिएशन’ स्थापन केली. सभासद बाईने आपले लिखाण निनावी पेटीत टाकायचे. सभेत ते वाचायचे. सर्वांनी गुणदोष पाहायचे. दक्षिणेतल्या काही राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता, त्या काळातली ही गोष्ट. इकडे पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. दोन्हीकडे लिहिणारीच्या आधी एक वर्ग, एक मंडळी उभी होती.

अशा मंडळीवाचून पुस्तकाचे काय होते, तेही तिकडेच पाहावे. झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७ ची. तिची नायिका जेनी आपली सारी हकीकत ओसरीवर बसून फीबी या मैत्रिणीला सांगते. म्हणजे पुस्तकातच ऐकणारी बसवलेली आहे. रिचर्ड राइट यांच्यासारख्या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाने तिला नाके मुरडली. पुढे पुस्तक मागे पडले, लेखिका गरिबीत वारली. १९७३ मध्ये ॲलिस वॉकर यांनी फ्लोरिडात जाऊन तिची बेवारशी कबर शोधली, तिच्यावर दगड बसवला आणि तिच्याविषयी लिहिले. वाचणाऱ्या बायांनी ते पुस्तक उचलून धरले, म्हणून ते आज आहे. अलीकडे २०१५ मध्ये ब्रुकलिनमध्ये ग्लोरी एडिम यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ‘वेल-रेड ब्लॅक गर्ल’ ही वाचनमंडळी सुरू केली, ती याच जुन्या परंपरेतली. ‘आपली पुस्तके आपण वाचू आणि आपणच जोखू’ हा त्यामागचा विचार आहे.

येथे एक शंका निघेल. मग इतरांनी ही पुस्तके वाचूच नयेत काय? तसे असते तर हा लेख लिहिण्याचा अधिकार मलाही नव्हता. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) संस्कृतची उच्च पदवी घेतलेल्या लेखिकेला नोकरी मिळत नाही, आंतरजातीय विवाहानंतर ‘पावडे’ हे आडनाव लागल्यावर मिळते. हे प्रकरण आमच्यासारख्या शिक्षकांनी वाचलेच पाहिजे. ते आमच्यासाठीच आहे. पण बाहेरच्या वाचकाला अशा पुस्तकातून बोध मिळतो, तर घरच्या वाचकाला जाब विचारता येतो. “नवऱ्याचं कावून नाय लिवलं?” हा जाब होता. तो विचारला जाईपर्यंत समीक्षा पुरी होत नाही. आम्ही ही पुस्तके अभ्यासक्रमात नेली, शोधनिबंधांत नेली. ज्यांची ती होती त्यांच्या हाती मात्र दिली नाहीत. माझ्याच शाळेच्या कपाटात ‘जिणं आमुचं’ची प्रत कित्येक वर्षे कुलपात होती. किल्ली माझ्याकडेच होती.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद तेलुगू राज्यात राहिले. २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार झाले. घरात आजी मराठी बोलते, ग्रंथ अक्षर लावत वाचते. नात तेलुगू माध्यमात शिकते, झरझर वाचते, पण देवनागरीत अडखळते. उद्या आजी थकली की विहारात वाचणार कोण? ही भीती खोटी नाही. पण तिला दुसरी बाजू आहे. नातीच्या भाषेतही हे साहित्य आहे. गोगु श्यामला यांनी संपादित केलेला ‘नल्लपोद्दु’ हा तेलुगू दलित स्त्रियांच्या लिखाणाचा संग्रह २००३ मध्ये हैदराबादेतून निघाला. म्हणजे ज्या वर्षी मराठीत ‘आयदान’ आले, त्याच वर्षी. ‘नल्ल’ म्हणजे काळा, हे इथल्या मराठी वाचकाला सांगायला नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही विहारात जे सहज जमणार नाही, ते आपल्याकडे जमेल. एक दिवस आजीने ‘चित्तरकथा’ वाचावी, नातीने ऐकावे. दुसऱ्या दिवशी नातीने तेलुगू वाचून मराठीत सांगावे.

गेल्या दोन वर्षावासांत त्या खेड्यात हा प्रयोग अधूनमधून होतो. मी कोपऱ्यात बसतो. कठीण शब्द विचारला तरच बोलतो. ‘आयदान’ वाचून झाले त्या दिवशी मला प्रश्न विचारणाऱ्या आजी नव्हत्या. त्या उन्हाळ्यातच वारल्या. त्यांची सून मात्र होती. उर्मिलाबाईंच्या संसाराचा भाग ऐकताना ती एकदम म्हणाली, “आत्याबाई असत्या तर म्हनल्या असत्या, आता लिवलं बराबर.”

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर मी वाचलेले हे सर्वांत नेमके परीक्षण आहे. ते कुठे छापून आलेले नाही. म्हणून येथे नोंदवून ठेवतो.