वाक्य संपलं, तरी माणूस खिडकीपाशीच



‘एका ग्रंथाची चिकित्सा’ असा विषय मला दिला, तेव्हा संयोजकांना वाटलं असेल की मी शंकराचार्य काढीन, नाहीतर कांट. मी आणलाय आरएफसी २६१६. जून १९९९ चा दस्तऐवज, पावणेदोनशे पानांचा. लेखक सात, त्यांत रॉय फील्डिंग, जेफ्री मोगल, टिम बर्नर्स-ली. तुमच्या ब्राउझरनं पान कसं मागायचं आणि सर्व्हरनं ते कसं द्यायचं, याचे नियम त्यात आहेत. २०१४ पर्यंत एचटीटीपी १.१ म्हणायचे ते यालाच. हसू नका. आपल्या रोजच्या जगण्यावर या मजकुराचा जेवढा अंमल राहिला, तेवढा कांटचा नाही.

मला याची गोडी कशी लागली ते आधी सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, तर्कशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा, पुढं संगणकात गेला. आपल्याच विभागातल्या एका संस्थेची वेबसाइट सांभाळायचा. नाव घेत नाही. वर्षंही बरीच झाली. संस्थेच्या परीक्षेचा निकाल दुपारी एकला लागायचा होता. बैठक क्रमांक टाकायचा, आईचं नाव टाकायचं, की स्क्रिप्ट डेटाबेसमधून गुण काढून पान तयार करून देणार. एक वाजला आणि सगळं ठप्प. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर, सगळीकडच्या नेट कॅफेत पोरं उभी, आणि कॅफेवाला सांगतोय, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ त्यातल्या काहींना त्याच दिवशी पुढच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. गावाकडं परतायची शेवटची एसटी ठरलेली. एक पोरगी निकाल न बघताच परत गेली, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

त्यानं यंत्र उघडून बघितलं तर काय? यंत्र जवळजवळ रिकामं. प्रोसेसर आरामात, डेटाबेस शांत. त्याचा सर्व्हर होता अपाची. कोण काय करतंय हे तो अक्षरांनी दाखवतो. दीडशे जागा होत्या, आणि पडद्यावर ओळीनं के, के, के. के म्हणजे कीप-अलाइव्ह: उत्तर देऊन झालंय, पण हा माणूस अजून काही विचारेल म्हणून मी दार धरून उभा आहे. सर्व्हर डाऊन नव्हता हो. तो सभ्यपणानं वाट बघत होता, आणि बाहेर हजार पोरं ताटकळत होती.

आता हा सभ्यपणा आला कुठून?

सुरुवातीला वेबची रीत अशी होती की एक प्रश्न, एक उत्तर, कनेक्शन बंद. पानात दहा चित्रं असली की दहा वेळा नव्यानं जोडणी. प्रत्येक जोडणीत आधी तिकडून इकडून ‘ऐकू येतंय का’, ‘येतंय’ अशी एक फेरी. खेड्यातल्या सावकाश फोनवर ही एक फेरीसुद्धा महाग पडते. मोगलनं १९९५ साली एका निबंधात मांडलं की कनेक्शन उघडंच ठेवा, त्याच वाटेनं पुढचे प्रश्न येऊ द्या. गंमत बघा, त्यासाठी त्यानं ज्या सर्व्हरच्या नोंदी तपासल्या त्यातला एक होता कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या निवडणुकीचा. म्हणजे निकालाचाच!

पण एक अडचण होती, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला खरा रस तिथं आहे. कनेक्शन उघडं ठेवायचं तर ऐकणाऱ्याला कळायला हवं की उत्तर संपलं कुठं. साधी फाइल असेल तर सर्व्हर आधीच सांगतो, इतके इतके बाइट. स्क्रिप्टनं तयार होणाऱ्या पानाचं तसं नाही. ते बोलता बोलता घडत असतं, त्याची लांबी त्यालाच माहीत नसते. मग जुनी तोड अशी की बोलून झालं की कनेक्शन तोडायचं. तोडणं हाच पूर्णविराम.

आपल्या नैयायिकांनी वाक्यार्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं: आकांक्षा, योग्यता, संनिधी. ‘गाय’ म्हटलं की मन पुढच्या शब्दाची वाट बघतं, ती आकांक्षा. ‘गाय’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ तीन तासांनी, तर वाक्य होत नाही, कारण संनिधी नाही. आता बघा, शांतता हाच पूर्णविराम धरला तर ऐकणाऱ्याची आकांक्षा पुरी झाली की वाटेत तार तुटली, हे त्याला कळणार कसं? सहा विषयांच्या गुणपत्रिकेतले चार विषय आले आणि लाइन गेली. ब्राउझरच्या लेखी पान संपलं. ही बारीक चूक नाही, बरं का. वाक्य पुरं झालं की अर्धवट राहिलं, हे सांगायची सोयच त्या भाषेत नव्हती.

एचटीटीपी १.१ नं ही सोय केली, आणि इथं मी या ग्रंथाला नमस्कार करतो. त्याला ‘चंक्ड’ म्हणतात. पान तुकड्या-तुकड्यानं पाठवायचं, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सांगायची, आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा. शून्य आलं, म्हणजे बोलणं संपलं. शून्याआधी लाइन तुटली, म्हणजे अर्धवट राहिलं. पूर्ण लांबी आधी माहीत असण्याची गरजच उरली नाही.

आता याचा परिणाम बघा. स्क्रिप्टचं पान पूर्वी नाइलाजानं का होईना, बोलून झालं की निघून जायचं. जागा मोकळी व्हायची. पूर्णविरामाची सोय झाल्यावर तेही दार धरून उभं राहायला लागलं. भाषेतला दोष गेला आणि वागण्यातला दोष आला.

माझी तक्रार आहे ती इथं. वाक्य संपणं आणि संबंध संपणं या दोन गोष्टी या लेखकांनी छान वेगळ्या केल्या. पण वेगळ्या केल्यावर दुसरीचं काय करायचं, हे अंगावर घेतलं नाही. काही न सांगता धरायचा नियम असा की कनेक्शन उघडं राहील. किती वेळ? त्यावर बंधन नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. उघडं ठेवण्याच्या फायद्यांची यादी तिथं आहे, वेळ वाचतो, यंत्राचे श्रम वाचतात, वाटेवरची गर्दी कमी होते. सगळे फायदे आत आलेल्याचे, नाहीतर वाटेचे. दाराबाहेर थांबलेला माणूस त्या यादीत नाही.

मग ज्याचं त्यानं काय ठरवलं? अपाचीनं २.० पर्यंत १५ सेकंद ठरवले. कागदावर हिशेब मांडा. उत्तर द्यायला अर्धा सेकंद, मग पंधरा सेकंद थांबणं. दीडशे जागांत सेकंदाला दहासुद्धा पोरं होत नाहीत. उत्तर देऊन लगेच बंद केलं तर तीनशे. डेटाबेसनं साथ दिली तर, अर्थात. तहसीलच्या खिडकीवर सातबारा हातात पडल्यावरही माणूस ‘अजून काही आठवलं तर’ म्हणून उभाच राहिला, तर मागची रांग काय म्हणेल?

याचा अर्थ ही सोयच काढून टाकावी असा कुणी घेऊ नये. एका तरुण मित्रानं मला तसं सुचवलं होतं. मला ते पटत नाही. निकालाच्या पानालाही बोधचिन्ह असतं, सजावटीची फाइल असते, आणि त्या एक-दोन सेकंदांत मागितल्या जातात. माझ्या विद्यार्थ्यानं तेच केलं, १५ चे २ केले. पाच मिनिटांचं काम. तोवर साडेतीन वाजले होते.

पुढं अपाचीनं २.२ मध्ये हा काळ ५ सेकंदांवर आणला. नंतर ‘इव्हेंट’ नावाची पद्धत २०१२ च्या २.४ मध्ये पक्की झाली. तिच्यात नुसतं थांबलेल्यांना सांभाळायला वेगळा राखणदार असतो, काम करणारा हात त्यांच्यात अडकत नाही. एनजिन्क्स तर पहिल्यापासून तसाच बांधलेला. म्हणजे ग्रंथकारांनी जे सोडलं ते कारागिरांनी भरून काढलं. पण जुन्या पद्धतीची यंत्रं कितीतरी ठिकाणी तशीच चालू राहिली, कारण कुणी ते आकडे उघडून बघत नाही.

आपल्याकडं ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यासारखे झालेत. पुढं कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी निदान एवढं विचारा, की यंत्र थकलंय की नुसतं कुणाची वाट बघत बसलंय? माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी हे विचारायला अडीच तास लागले, आणि तो तर माझ्या तासाला बसलेला होता.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून आधी.